बुटाचा ठसा काय सांगतो : आठवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आठवीत ३१ मुलं आहेत. वर्गात शिरताना सगळे पायातलं पडवीत काढतात. आज मुलं आत गेल्यावर मी त्या रांगेपाशी थांबले आणि एकेक जोड उलटा करून पाहिला. २३ जोड अगदी सारखे निघाले. शासनाच्या योजनेतले काळे बूट आहेत ते, शाळा व्यवस्थापन समितीने एकाच दुकानातून घेतलेले. तळाला तीच नागमोडी नक्षी, टाचेवर तेच चौकोन. उरलेल्यांत स्लीपर, दोन सँडल आणि एक जुनी कोल्हापुरी.

न्यायवैद्यक विज्ञानातला हा एक भाग, म्हणजे पादत्राणांचे ठसे, वर्गात हाताने करून शिकवायचा असं दिवाळीपासून मनात आहे. आमची मुलं माग वाचत मोठी होतात हे त्याचं पहिलं कारण. जुन्नर तालुका उसाचा, आणि उसात बिबट्या. पाणंदीत उमटलेला ठसा कुणाचा हे चौथीतलं पोरसुद्धा सांगतं: नख उमटलं तर कुत्रं, नाही उमटलं तर बिबट्या. या भागात पूर्वी रामोशी चोराचा माग काढत. माग ज्या गावाच्या शिवेत शिरला, त्या गावाने तो पुढे गेल्याचं दाखवून द्यायचं, अशी रीत होती. ही नजर इथे आहेच. तिला मोजपट्टी आणि वही जोडायची आहे.

सामान: स्टॅम्प पॅडची शाई, जुनी वर्तमानपत्रं, कोरे कागद, खोबरेल तेल, कोळशाची वस्त्रगाळ पूड, दोन टॉर्च, ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या, प्लास्टर ऑफ पॅरिस ५ किलो.

४ डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण चूक माझी होती.

सुरुवात गमतीची व्हावी म्हणून ‘खडूचा डबा कुणी पळवला’ असा खेळ ठेवला. टेबलाजवळ कोळशाच्या पुडीत एका बुटाचा ठसा उमटवून ठेवला होता. मुलांनी आपापल्या बुटांचे ठसे कागदावर घ्यायचे आणि जुळवायचे. दहा मिनिटांत एका गटाने शोध लावला. ‘बाई, हा त्याचाच हाय!’ शेवटच्या बाकावरच्या मुलाचं नाव घेऊन ते ओरडले आणि सगळा वर्ग त्याच्याभोवती जमला. नक्षी जुळत होती, मापही जुळत होतं. तो म्हणत होता, ‘म्या न्हाय.’ मधल्या सुट्टीतही मुलं त्याला चोर म्हणत होती. खेळातला चोर होता हे खरं, पण त्याचा चेहरा उतरला होता.

ठसा त्याचा नव्हताच. मी सातवीतल्या एका मुलीचा बूट वापरला होता. तोच साचा, तेच माप.

गेले दोन दिवस मी ते २३ सारखे जोड पाहत होते आणि तरीही ‘कुणी केलं?’ या प्रश्नाने सुरुवात केली. मुलांनी दिलेलं उत्तर माझ्या प्रश्नातच दडलेलं होतं. सुट्टीनंतर मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली आणि सातवीतला तो बूट आणून दाखवला. मग पडवीतले बूट उलटे करून लावायला सांगितले. त्याच मापाचे पाच निघाले. पाचही जण आपापल्या बुटामागे उभे राहिले. वर्ग एकदम शांत झाला.

५ डिसेंबर, गुरुवार

खेळ बंद. यापुढे वर्गात कुणालाच चोर म्हणायचं नाही, ठशालाही चोराचा ठसा म्हणायचं नाही. तो ‘अनोळखी ठसा’.

मग फळ्यावर दोन रकाने काढले. तज्ज्ञ ठशातली लक्षणं दोन प्रकारांत वेगळी करतात. साच्यातून निघालेल्या प्रत्येक बुटाला असतात ती पहिली: नक्षी, माप, आकार. वापरता वापरता त्या एकाच बुटाला येतात ती दुसरी: काचेने गेलेली चीर, तुटलेला कोपरा, उडालेला टवका. आपण याला काय म्हणायचं, असं मुलांनाच विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सगळ्यांचं आणि एकट्याचं.’ तेच ठेवलं. झीज कुठे घालायची यावर बराच वाद झाला. सगळेच बूट टाचेकडून झिजतात, म्हणून ती सगळ्यांचं. पण अमक्याचा डावा बाहेरच्या अंगाने जास्त झिजलाय, मग? शेवटी झीज दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर लिहिली. माझ्या मते ती तिथेच शोभते.

तळाच्या नक्षीत अडकलेला खडा कुठे जाईल, असं एकाने विचारलं. आज आहे, उद्या पडेल. म्हणून ठसा कधी उमटला आणि बूट कधी तपासला, या दोन्ही तारखा लिहायच्या असं ठरलं. हा नियम मुलांनी काढला.

शेवटच्या तासाला धुळीतला ठसा उचलण्याचा प्रयत्न केला. खऱ्या कामात धातूचा पापुद्रा लावलेली काळी फिल्म ठशावर अंथरतात, तिला हजारो व्होल्टचा दाब देतात आणि धूळ तिला चिकटून येते. आम्ही प्लास्टिकचा जाड कागद लोकरीच्या मफलरने घासून पाहिला. काहीच आलं नाही. हवा ढगाळ, दमट. कोरड्या थंडीत पुन्हा करायचं.

७ डिसेंबर, शनिवार

प्रकाश. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. शहाबादी फरशीवर धुळीच्या चपलेने एक पाऊल उमटवलं. वरून टॉर्च मारला तर फरशी नुसती उजळली. टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला, तर पट्ट्याजवळची रेघ न् रेघ उभी राहिली. ‘बाई, हे आत्ता कुठून आलं?’ ठसा जागचा हलला नव्हता. तिरप्या उजेडात धुळीचा प्रत्येक कण आपली सावली टाकतो, म्हणून तो दिसतो. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो काढायचे, कारण एका बाजूने लपलेलं दुसऱ्या बाजूने दिसतं.

फोटोचे नियम: कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, सरळ, शेजारी पट्टी, ठशाच्याच पातळीत. ठसा मातीत रुतलेला असेल तर पट्टीसुद्धा तेवढी खाली हवी, नाहीतर माप चुकतं. शेवटचा नियम मुलांना पटेना. मग खोल खड्ड्यात एक पट्टी आणि काठावर एक अशा दोन ठेवून फोटो काढला आणि दोन्हींवरचा एक सेंटिमीटर मोजायला लावला. पटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्लास्टर. आजचा दिवस मैदानाच्या कडेला गेला.

आधी सुरक्षा. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलेली पूड. पाणी मिळालं की ती पुन्हा जिप्सम होते आणि होताना गरम होते. जाड थर ६० अंशांपर्यंत तापू शकतो. इंग्लंडमधल्या एका शाळेत २००७ साली एका मुलीने हाताचा साचा करायला हात प्लास्टरच्या बादलीत घातला आणि तिची बहुतेक बोटं गेली. हे मुलांना जसंच्या तसं सांगितलं. हात घालायचा नाही, पूड उडू द्यायची नाही, तोंडाला रुमाल, उरलेलं मोरीत ओतायचं नाही.

मातीच्या तीन पट्ट्या केल्या: काळी माती, मुरूम आणि ओढ्याची वाळू. प्रत्येकीत एकाच बुटाचे ठसे. मातीतला ठसा ओतण्याआधी साफ करायचा नाही, फक्त वरून नंतर पडलेलं पान अलगद उचलायचं. भोवती पुठ्ठ्याची चौकट. दोन वाट्या पूड, एक वाटी पाणी. पूड पाण्यात टाकायची. थेट ठशावर ओतलं तर धारेनेच बारीक रेघा मोडतात, म्हणून बाजूच्या मातीवर चमचा धरून त्यावर ओतायचं आणि तिथून ठशात वाहू द्यायचं. गट ४ ने घाईत वरूनच ओतलं. त्यांच्या ठशात मधोमध खड्डा पडला. मी तो साचा जपून ठेवला आहे, पुढच्या वर्षी दाखवायला.

अर्धं भरल्यावर सुतळीचे तुकडे घातले, बळकटीसाठी. ओलसर असतानाच पाठीवर काडीने तारीख, जागा, गटाचा क्रमांक. हे विसरलं तर साचा कितीही सुंदर असो, तो कुठला हे सांगता येत नाही.

तज्ज्ञ आता प्लास्टरऐवजी डेंटल स्टोन वापरतात, दंतवैद्य दातांचे साचे करतात तो. रसायन तेच, पण कण घट्ट असल्याने पाणी खूप कमी लागतं. १ किलोला साधारण ३०० ते ३५० मिलीलीटर पुरतं. साचा जास्त कणखर होतो आणि धुताना बारीक खुणा जात नाहीत. नारायणगावातल्या एका दंतवैद्यांनी अर्धा किलो दिला. एक साचा त्याचा केला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

साचे उचलले. वाळूचा ठिसूळ आला, मुरमाचा बरा. काळ्या मातीचा सगळ्यात देखणा, पण माती इतकी चिकटली होती की प्लास्टर घासताना नक्षीच पुसत गेली. डेंटल स्टोनचा दोन दिवसांनी धुणार. घासू नका, पाण्यात ठेवून माती आपोआप सुटू द्या, असं दहादा सांगावं लागलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

एसटी स्टँडजवळ चपला दुरुस्त करणारे काका आज वर्गात आले. ४० वर्षं हेच काम करतात. मुलांनी चार जुने बूट आधीच झाकून ठेवले होते, नाव न सांगता. काकांनी एक उचलला, अंगठा टाचेवरून फिरवला. ‘हा माणूस सायकलवाला. चवड्याखाली आडवी झीज बघा, पायडलची.’ दुसरा पाहून म्हणाले, ‘उजवा पाय ओढतो. पण पायाला लागलंय की सवय हाय, ते मला कसं कळणार?’

हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं.

त्यांनी टाके दाखवले. स्वतःने घातलेला टाका ते ओळखतात, आणि दुसऱ्याने घातलेला ‘आपला नाही’ एवढंच सांगतात. त्यावरून मी १७८६ची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडमधल्या कर्कुब्री भागात एका तरुणीचा खून झाला. जवळच्या दलदलीत धावत गेलेल्या माणसाचे ठसे होते आणि त्यावरून त्याच्या बुटांची दुरुस्ती झालेली आहे, तळाला खिळे आहेत हे कळत होतं. अंत्यविधीला जमलेल्या माणसांचे बूट ठशांशी पडताळले आणि रिचर्डसन नावाच्या माणसाचा जुळला. मात्र फक्त बुटावर कुणी थांबलं नाही, त्याच्याविरुद्ध आणखीही पुरावे गोळा झाले. काका लक्ष देऊन ऐकत होते. जाताना म्हणाले, ‘म्हंजे दुरुस्ती करणारा पण साक्षीदार झाला.’

१९ डिसेंबर, गुरुवार

या प्रकल्पातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. एक बूट, एक मुलगी, दहा ठसे. उभं राहून, चालून, पळून, पाण्याची घागर घेऊन. कडक मातीत, ओल्या मातीत, चिखलात. मापं दुसऱ्या गटाने घेतली, बूट एकच आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. कडक मातीत लांबी २४३ मिलिमीटर. चिखलात घसरलेल्या पावलाची २५२. पळतानाच्या दोन ठशांत टाच उमटलीच नाही. मोजणाऱ्या गटाने निष्कर्ष लिहिला: ‘किमान तीन माणसं.’

मग वाघांची मोजणी सांगितली. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांनी १९६६ मध्ये पायाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. ठशावर काच धरून त्याचा आकार उतरवायचा, साचे घ्यायचे आणि प्रत्येक वाघ वेगळा ओळखायचा. १९७२च्या देशभराच्या गणनेत तीच वापरली गेली. पण एकाच वाघाचा पाय वेगवेगळ्या मातीत वेगवेगळा उमटतो, आणि मोजणाऱ्याला ते दोन वाघ वाटू शकतात. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले वाघ संपल्याचं २००४-०५ मध्ये उघड झालं. त्यानंतर ही पद्धत मोडीत निघाली आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखणारे कॅमेरे आले. ‘म्हणजे कागदावर वाघ होते आणि जंगलात नव्हते?’ एकाने विचारलं. मी हो म्हटलं. ‘किमान तीन माणसं’ हा कागद त्या गटाने स्वतःहून परत मागितला आणि खाली लिहिलं: ‘माती वेगळी होती का, हे आम्ही विचारलं नाही.’

२४ डिसेंबर, मंगळवार

टोपलीची चाचणी. सहा गट, प्रत्येकाला एक अनोळखी ठसा आणि टोपलीत सहा काळे बूट, सगळे एकाच साच्याचे. मी मुद्दाम दोन फेऱ्या ठेवल्या. पहिल्या फेरीत खरा बूट टोपलीत होता. चार गटांनी बरोबर ओळखला, टवका किंवा चीर दाखवून. दुसऱ्या फेरीत खरा बूट टोपलीत नव्हताच, आणि मी ते सांगितलं नव्हतं.

सहापैकी पाच गटांनी कुठला तरी बूट निवडला. ‘टोपली दिलीय म्हणजे त्यात असणारच,’ असं त्यांनी कारण लिहिलं. संशयितांची रांग समोर उभी केली की त्यातला कुणीतरी असलाच पाहिजे असं वाटतं. ४ तारखेला मी वर्गाला हेच करायला लावलं होतं.

तेव्हा निष्कर्षाची भाषा ठरवली. अमेरिकेतल्या ठसेतज्ज्ञांच्या गटाने २०१३ मध्ये सात पायऱ्या ठरवल्या आहेत, ‘पुरेसा तपशील नाही’पासून ‘ओळख’पर्यंत. आम्ही चार घेतल्या: ‘हा नाही’, ‘सांगता येत नाही’, ‘असू शकतो’, ‘असण्याची दाट शक्यता’. पाचवी, ‘हाच’, मुलांना हवी होती. मी नाही म्हटलं. २०१६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने नेमकं हेच तपासलं होतं: बारीक खुणांवरून ठसा एका विशिष्ट बुटाचाच म्हणणं कितपत अचूक असतं, हे दाखवणारे योग्य अभ्यास त्यांना मिळाले नाहीत. तज्ज्ञांचीच ही स्थिती असेल, तर आठवीच्या वर्गाने चौथ्या पायरीवर थांबावं. ‘हा नाही’ मात्र ठामपणे म्हणता येतं. नक्षीच वेगळी असेल तर तो बूट सुटला. कुणाला निर्दोष सोडवणं हेसुद्धा ठशाचं काम आहे, आणि तेवढंच मोठं.

३० डिसेंबर, सोमवार

कडाक्याची थंडी, हवा कोरडी. प्लास्टिक आणि मफलर पुन्हा काढले. धुळीत उमटलेल्या स्लीपरचा अर्धा ठसा प्लास्टिकवर आला, काळ्या कागदावर धरला की स्पष्ट. टाळ्या.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंच्या जयंतीला पालक आले होते. मुलींनीच सगळं दाखवलं. एका आजोबांनी विचारलं, ‘हे कोर्टात चालतं का?’ याची तयारी मी केली होती. १९२०च्या कैद्यांच्या ओळखीच्या कायद्यात बोटांच्या ठशांबरोबर पायांचे ठसेही होते. १९५६ साली पंजाबातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पायांच्या ठशांवरून ओळख पटवण्याचं शास्त्र अजून प्राथमिक अवस्थेत आहे. त्यावर फार विसंबता येणार नाही, पण इतर परिस्थितीच्या जोडीने ते विचारात घेता येईल. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं ठरलं आहे. आजोबा म्हणाले, ‘म्हणजे जोडीला दुसरं काहीतरी पाहिजे.’ बरोबर तेच.

८ जानेवारी, बुधवार

उंचीचा प्रयोग लवकर आटोपला. पावलाची लांबी उंचीच्या सुमारे १५ टक्के असते. आमच्या वर्गाची सरासरी १५.३ आली. बुटाच्या ठशावरून मात्र सगळे जण उंच निघाले, कारण बूट वाढत्या पायाचे म्हणून मोठेच घेतलेले. आलेख काढून गणिताच्या सरांना दिले.

१६ जानेवारी, गुरुवार

सातवीतल्या एका मुलाचे वडील सकाळी शाळेत आले. उसाच्या बांधावर, पाइप गळतो तिथल्या चिखलात ठसे दिसले म्हणाले, आणि मोबाइलमधला फोटो दाखवला. ‘नख दिसतंय. कुत्रंच ना?’ त्यांना कुत्रंच हवं होतं, त्यांच्या आवाजात ते ऐकू येत होतं. मला उत्तर द्यायचं नव्हतं. आठवीच्या मुलांना फोटो दाखवला, फक्त कुठला ते सांगितलं.

पहिला प्रश्न: ‘पट्टी कुठंय?’ दुसरा: ‘एकच ठसा आहे का? बाकीचे?’ मग शेवटच्या बाकावरचा, ४ डिसेंबरचा तो मुलगा, फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, ‘चिखल आहे. घसरला असेल तर बिबट्याचंपण नख येईल. आपला बूट घसरला तेव्हा वाढला होता.’

वर्गाने लिहून दिलं: ‘सांगता येत नाही.’ खाली तीन ओळी. सगळ्या ठशांचे फोटो वरून सरळ काढा. शेजारी काहीतरी ठेवा ज्याचं माप आपल्याला माहीत आहे. तोवर बिबट्या आहे असं धरून चाला, पोरांना एकटं सोडू नका, वन विभागाला १९२६ वर कळवा. मी त्यात एकच भर घातली: फोटो काढायला एकटं जायचं नाही, आणि उजेड असतानाच.

१७ जानेवारी, शुक्रवार

चार फोटो आले. प्रत्येकात ठशाशेजारी काड्यापेटी ठेवलेली, सरळ, ठशाच्या पातळीत. मुलांनी घरून तीच काड्यापेटी आणून मोजली: ५१ मिलिमीटर. चारपैकी तीन ठशांत नखं नाहीत. तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाकार फुगवटे. रुंदी ७० ते ७४ मिलिमीटर. चौथा, पाइपाजवळचा, घसरलेला.

गट २ ने वहीत ‘बिबट्या असण्याची दाट शक्यता’ लिहिलं आणि वनरक्षकांना द्यायला फोटोंच्या प्रती काढल्या. वडिलांनी सकाळीच फोन केला होता. आज संध्याकाळी त्या वस्तीवरची मुलं मोठ्यांसोबत घरी जातील.